निगेटिव्ह कुठे पळतात?

सोमवारी फोटो आणले नाहीत तर पुढं माझ्या हातात काही नाही, असं वकिलांनी बजावलं, तेव्हा एकनाथराव सरळ हिमायतनगरच्या रस्त्याला लागले. बरकतपुऱ्याला घरी जाऊन सुशीलाबाईंची बोलणी खायची त्यांची छाती नव्हती.

बोलणी रास्तच होती म्हणा. वैशाखात त्यांच्या पद्मावतीचं लग्न झालं, मांडवात कॅमेऱ्याच्या बल्बांचा नुसता लखलखाट झाला आणि आठ महिन्यांत एक फोटो छापून घरात आला नाही. सुशीलाबाई मागं लागायच्या, अहो, आल्बम करून घ्या, पोरीचं लग्न डोळ्यांसमोर राहील. हे म्हणायचे, निगेटिव्ह आहेत ना दुकानात, ती कुठे पळतात? फोटोवाला जावयानं हौसेनं ठरवला, आल्बमही तोच करील. काय घाई आहे!

घाई राज्यांना होती. नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि एका मांडवातली माणसं तीन राज्यांत पांगली. लग्न लावणारे भटजी गुलबर्ग्याला, म्हणजे आता म्हैसूर राज्यात. जावई हिम्मतराव सरकारी कारकून. तो मुंबई राज्याच्या वाट्याला आला आणि औरंगाबादला गेला. बिऱ्हाड मिळालं की पद्मावतीला नेतो, म्हणाला. मग पत्रं थांबली. मग कानावर आलं की नव्या कचेरीत त्यानं स्वतःला अविवाहित लिहिलंय आणि माघात त्याचं लग्न आहे.

एकनाथरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण आग होऊन काय उपयोग? पहिली असताना दुसरी करता येत नाही, असा नवा कायदा झाला होता. पहिली आहे हे दाखवायचं कशानं? घरचे साक्षीदार सांगितले, तर वकील म्हणाले, ते तुमचेच हो. जावयाकडचं कुणीच तोंड उघडेना. पद्मावती तेवढी शांत होती. फोटो आहेत ना बाबा, म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

नारायणगुड्याच्या चौकात त्यांनी स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या. एक आल्बम, मेल्या, एक आल्बम तुला करवला नाही.

स्टुडिओतल्या म्हाताऱ्या फोटोवाल्यानं त्यांना ओळखलं, खुर्ची दिली. एकनाथरावांनी काही लपवलं नाही. जावयाचा पराक्रम, सोमवारची तारीख, सगळं सांगून टाकलं. मग म्हणाले, सगळे फोटो राहू द्या, दोघं एकमेकांना हार घालतानाचा एक छापा. तेवढ्यानं माझी पोर वाचेल.

म्हाताऱ्यानं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"निगेटिव्ह नै है साब."

हरवलं असेल तर शोधू, मी बसतो, एकनाथराव म्हणाले. म्हाताऱ्यानं मान हलवली. हरवलं नव्हतं. त्या दिवशी कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती. अक्षता पडेपर्यंत तो नुसते बल्ब उडवत होता.

एकनाथराव ताडकन उठले. भर मांडवात तुम्ही आम्हाला बनवलंत, म्हणाले, वर ज्यानं तुम्हाला काम दिलं त्या जावयालाही बनवलंत. तो कसा का निघेना, त्या दिवशी तर त्यानं विश्वासानं बोलावलं होतं तुम्हाला. आत्ता चौकीवर चला.

म्हातारा जागचा हलला नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

"मैं तो फिल्म डालरा था साब. नक्को डालो, खाली बल्ब मारो, बोलके दूल्हाच बोला. हल्दी लगने के पैले."