नवा पत्ता

वारज्यातली जमीन बिल्डरला दिली आणि मथुराबाई महिन्याभरापूर्वी कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. जुन्या घराच्या जागी आता कॉम्प्युटरवाल्यांसाठी इमारत उभी राहत होती.

सैन्यातून तार आली तीही त्या जुन्याच पत्त्यावर. बांधकामावरच्या ओळखीच्या वॉचमनने ती फ्लॅटवर आणून दिली. त्यांचा मुलगा रणजित स्वतःच्याच रायफलची गोळी लागून गेला होता. शव उद्या यायचं होतं.

त्याआधी आज मिलिटरी पोलिसांचे सुभेदार चौकशीला आले.

"पत्रात त्यानं कुणाचं नाव लिहिलं होतं का? कुणाशी भांडण, युनिटमधली काही भानगड?"

"न्हाई साहेब. मी बरा हाय, येवढंच लिवायचा."

सुभेदारांनी वही मिटली. "त्याच्या पेटीतही घरचं एकसुद्धा पत्र सापडलं नाही, बाई. आत्महत्याच दिसतेय."

मथुराबाईंनी डोळे पुसले आणि चहा पुढं केला. दारी आलेल्या माणसाला विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "घर सापडाया तरास न्हाई ना झाला?"

"छे हो. पत्ता होता ना जवळ. कुणाला विचारावंसुद्धा लागलं नाही."



मथुराबाईंचा हात बशीवरच थांबला. सैन्यात हा पत्ता त्यांनी एकालाच कळवला होता. पंधरा दिवसांपूर्वी, पत्रानं, रणजितला.