मंगळवारचे नमुने

तिने तो मुद्दा चौथ्यांदा वाचला, खुर्ची मागे ढकलली आणि उठून उभी राहिली. मग परत बसली.

"कसली एवढी चुळबुळ?" समोरच्या टेबलावरून सरांनी विचारलं. "चांगले अभिप्राय आलेत की! किरकोळ दुरुस्त्या करा, छापतो म्हणतायत. आज उत्तरं धाडू. महिनाअखेर निबंध छापून येईल आणि एक तारखेला तू तुझ्या कॉलेजात रुजू."

निबंध दोघांचा होता. गर्भवती बाईच्या अंगात रक्त पुरेसं आहे की नाही, हे दोन मिनिटांत दाखवणारी कागदाची पट्टी. त्या पट्टीपायी तिने तीन वर्षं घासली होती आणि निबंध छापून आला तरच नोकरी पक्की होती. म्हणजे खरं तर उड्या मारायच्या, तर ही एकाच मुद्द्यावर अडून बसलेली.

"दुसऱ्या समीक्षकांचा तिसरा मुद्दा वाचू, सर?"

"वाच की."

"'मंगळवारच्या नमुन्यांबाबत लेखकांनी थोडा खुलासा करावा.'"

"मग कर खुलासा. नमुने नियमानुसार साठवले होते म्हणावं. दोन ओळींचं काम." सर चष्मा पुसत होते.

मंगळवार! अहो, निबंधात मंगळवार कुठेच नव्हता. निबंधात होते 'नमुने ४१ ते ६०', बस्स. मंगळवार हे या खोलीतलं बोलणं. त्या दिवशी फ्रिज बंद पडलेला सापडला, रक्ताच्या वीस नळ्या कोमट, तेव्हापासूनचं. "वगळू या का?" तिने विचारलं होतं. "राहू दे गं, कोण बघतंय," सर म्हणाले होते. नेमके तेच वीस पट्टीच्या बाजूने गेले. आणि फ्रिजचं या दोघांशिवाय तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

निबंध तपासायला समीक्षक मिळत नाहीत, म्हणून ही नियतकालिकं लेखकालाच विचारतात, एखादं नाव सुचवा. नाव सरांनी सुचवलं होतं. परदेशातले कुणी मोठे प्राध्यापक, ईमेलसकट. तिला वाटलं, असतील ओळखीचे. ओळख भलतीच जवळची निघाली, त्या ईमेलच्या पलीकडे सर स्वतःच. अभिप्राय खरा वाटावा म्हणून चार उणिवा काढायला बसले आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, नेमकं तेच बोटांतून उतरलं.

"सर, त्यांना मंगळवार कसा कळला?"

सरांचा हात थांबला. मग पुसलेला चष्मा त्यांनी पुन्हा पुसायला घेतला.

"अंदाजाने लिहिलं असेल." मग आवाज उतरला. "हे बघ, मी हे कुणासाठी केलं? तुझ्या नोकरीसाठीच ना? हे समीक्षक सहा-सहा महिने अडवून ठेवतात. एवढं नाकासमोर चालून भागत नाही गं."

तिला रडू येत होतं आणि चीडही येत होती. एक तारखेचं आईने शेजारीपाजारी सांगूनसुद्धा टाकलं होतं. आणि ही पट्टी उद्या कुणा अशक्त बाईला सांगणार होती, काही नाही गं तुला, ठणठणीत आहेस. ती खिडकीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग खुर्ची ओढून भराभरा टाइप करत सुटली.

"काय लिहितेस? मोठ्याने वाच बघू."

"'समीक्षकांचा आक्षेप रास्त आहे. त्या दिवशी फ्रिज बंद होता. नमुने ४१ ते ६० वगळले आहेत. ते वगळल्यावर पट्टी पुरेशी अचूक ठरत नाही.'"

"वेड लागलंय का तुला? अगं, निबंध गेला! नोकरी गेली!"

"हो," ती म्हणाली. पुढे काही बोलली असती तर रडलीच असती.

उत्तर सरांच्या खात्यातून जायचं होतं. तिने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. सरांनी ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. कपाळावरचा घाम पुसला. आणि इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलंच,

"पण समीक्षकांना हे पटेल का?"

"तुम्हीच सांगा, सर."