पूर्वरंगानंतरचा नमस्कार

कीर्तन सुरू व्हायच्या आधी आप्पांनी दत्तमंदिरात प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. "वैजू, बसून केलंस तरी देवाला चालतं."

"देवाला चालेल हो आप्पा, मला नाही चालणार," म्हणत लेकीने चिपळ्या उचलल्या.

ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. त्याआधी बारा वर्षं दर महिन्याच्या दुखण्यापायी तिची कीर्तनं रद्द व्हायची, आणि स्वतः कीर्तनकार असलेले आप्पा लोकांना सांगायचे, "पोरीला जरा सोसवत नाही, काय करणार." ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांनाच विचारलं, "एंडोमेट्रिओसिसने आतडी गर्भाशयाला चिकटली होती. एवढं पोटात घेऊन ही दोन-दोन तास उभी कशी राहत होती हो?"

आज पूर्वरंग संपेपर्यंत वैजूचा आवाज कुठेही तुटला नाही. मग रीतीप्रमाणे हार आला. नारदांच्या गादीवर जो उभा असेल, त्याला या वेळी थोरामोठ्यांनीही नमस्कार करायचा असतो. आप्पा मात्र लेकीच्या कीर्तनात टाळ धरून बसूनच राहायचे.

आज ते उठले. विश्वस्तांच्या हातून हार घेऊन त्यांनी तिच्या गळ्यात घातला आणि भरल्या देवळात तिच्या पायांशी वाकले. त्यांना अडवायला वैजू घाईघाईने खाली झुकू लागली.

"तू ताठ उभी राहा," आप्पा खालूनच दटावून म्हणाले. "अजून आठवडाभर वाकायचं नाही, सांगितलंय ना डॉक्टरांनी?"