डॉजचे पाटे

चंदूने जॅक हळूहळू खाली सोडला. डॉज चारी चाकांवर आली आणि चक्क सरळ उभी राहिली. मागचं बूड खाली गेलं नाही की एका अंगाला कललं नाही. चंदूने डिकीवर दोन्ही हात टेकून सगळा भार टाकला. गाडी जेमतेम दबली आणि लगेच जागच्या जागी आली. त्याला इतका आनंद झाला की चेंदणी कोळीवाड्यातल्या त्या गल्लीत त्याने एकट्यानेच टाळी वाजवली.

डॉज म्हणजे आठ सिलिंडरचा जुना अमेरिकन हत्ती. मालकाला पेट्रोल पाजणं जड झालं, तेव्हा त्याने तो गॅरेजवाल्या चंदूच्या गळ्यात बांधला. लग्नाच्या वरातींवर गाडी आपलं पोट आपण भरत होती, पण मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पार म्हातारे झाले होते. खड्डा आला की पुढचे दोन विजेचे खांब जाईपर्यंत ती झिंगलेल्या व्याह्यासारखी डुलत राहायची. नवरानवरीला त्याचं काही नव्हतं, ते दोघं तसेही हवेतच असतात. चंदूला घोर होता तो बाबांचा.

त्याच्या बाबांनी, गोमाजींनी, उभा जन्म ठाण्याच्या खाडीत काढलेला. खाडीतली मासळी आटली आणि त्यातच बंदरावर घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं. होडी विकायची वेळ आली, तेव्हा चंदूने ओट्यावर त्यांच्याशेजारी बसून विचारलं होतं, "बाबा, विकू काय?"

"इक," गोमाजी म्हणाले. त्यानंतर त्या विषयावर अवाक्षर नाही. बंदराकडे पाऊल नाही. घरातही दिवस दिवस तोंडाला कुलूप. आठवड्यातून एकदा, रविवारी, तेवढे ते आपणहून डॉजमध्ये येऊन बसायचे आणि चंदू त्यांना कळव्याच्या पुलावरून मुंब्र्यापर्यंत फिरवून आणायचा. त्यातही वेळेचा पत्ता नाही. एका रविवारी सकाळीच तयार, तर पुढच्या रविवारी भर दुपारी. का, ते सांगायचे नाहीत. म्हातारपणाची लहर, असं म्हणून चंदूने सोडून दिलं होतं.

पण आरशात जे दिसायचं, ते त्याला सोडून देता येत नव्हतं. बाबा मागच्या सीटवर अगदी कडेला बसत. एक हात खिडकीबाहेर, दुसऱ्या हाताने पुढच्या सीटची पाठ गच्च धरलेली. गाडी डुलायला लागली की डोळे मिटायचे. वळणावर गाडी एका बाजूला झुकली की अंग दुसऱ्या बाजूला टाकायचे. मोडक्या हाडाला कळ लागते, दुसरं काय! चंदू गाडी हळू करायचा.

"बाबा, दुखतंय काय?"

"नाय."

कोळी माणूस, मरेल पण दुखतं म्हणणार नाही.

"दुखत असतं तर दर रविवारी येऊन बसले असते काय?" मालू, चंदूची बायको, म्हणाली. "उलट आल्यावर भाकर एक जास्त खातात."

"घरात जीव विटतो, म्हणून सोसतात," चंदू म्हणाला. बायकोचं ऐकायचं नाही, हे त्याने लग्नातच ठरवलं असावं.

नव्या पाट्यांचं नाव काढायची सोय नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर चंदूचं अंथरूण म्हणजे हातरुमाल. त्याने शीळफाट्याच्या भंगारवाल्याकडे मोडलेल्या जीपचे पाटे शोधले, कापून बेताचे केले आणि डॉजच्या पाट्यांत दोन्हीकडे एकेक वाढवला. एका टेम्पोचे हादरे खाणारे शॉकअप काढून आणले, ते बसावेत म्हणून पट्ट्या वेल्ड केल्या. नवे घेतले ते फक्त रबरी बुश. गिऱ्हाईकांच्या गाड्या बाजूला ठेवून तो आठवडाभर डॉजखाली आडवा होता. बाबांना त्याने काही सांगितलं नाही. रविवारी एकदम दाखवायचं होतं.

रविवारी गोमाजी दुपारी निघाले. चंदूने मुद्दाम खड्ड्यांचीच बाजू धरली. खड्डा आला, धप् झालं, संपलं. गाडी रेषेत चालत राहिली. त्याने आरशात पाहिलं. बाबांचे डोळे उघडे होते. हात मांडीवर पडलेले. वळण आलं, तरी ते कुठल्याच बाजूला झुकले नाहीत. कळ गेली! चंदूला गाणं म्हणावंसं वाटलं.

परत येताना पुलावर एक ट्रक बंद पडला होता, म्हणून थांबावं लागलं. खाली खाडी काठोकाठ भरली होती. भरती-ओहोटीचा हिशेब चंदूने केव्हाच सोडला होता. तरी पाणी बघून त्याला उगाच आठवलं, की मागच्या रविवारी सकाळी निघाले, तेव्हाही भरतीच होती. त्याच्या आधीच्या रविवारीही.

"बाबा, कशी झाली गाडी?" त्याने विचारलं.

गोमाजींनी खिडकीतून खाली पाण्याकडे पाहिलं.

घरासमोर चंदूने दार उघडून त्यांना हात दिला. गोमाजी उतरले, पण घरात गेले नाहीत. गाडीच्या मागच्या अंगावर तळहात ठेवून त्यांनी हळूच दाबून पाहिलं. गाडी हलली नाही. आणखी जोर लावला. तरी हलली नाही. मग तो हात त्यांनी तसाच पत्र्यावर राहू दिला.

"पयली होरी इकलीस तवा मना इचारलंस, चंदू," ते म्हणाले. "ही न इचारताच इकलीस."