दाबा, सोडा

ताडकळसच्या किशनरावांच्या जुन्या परदेशी मोटारीचे ब्रेक लागेनात. आमचे हे मेकॅनिक, म्हणून त्यांच्या अंगणात दुरुस्तीला गेलो. ब्रेकमधली हवा काढताना एकाने चाकाशी बसायचं आणि दुसऱ्याने आत बसून पॅडल दाबायचं असतं. मी आत बसले.

"उतर खाली. गादी बाटवतीस? नामांतराचं वारं लय चढलंय तुमाला," किशनराव खेकसले.

माझ्या अंगाची आग झाली. ती अजून विझलेली नाही. हे मात्र शांतपणे म्हणाले, "मग मालक, तुमीच बसा."

दुपारपर्यंत भर उन्हात, साऱ्या गावासमोर ह्यांचा हुकूम चालला होता. "दाबा. सोडा. परत दाबा." घामाघूम किशनराव निमूट पाय मारत होते.


घरी आल्यावर हे म्हणाले, "ब्रेक तर पहिल्या धा मिनटातच लागले होते."