भेगांचा अंदाज

होसकोट्याजवळच्या त्या गावापासून कारखान्याच्या सांडपाण्याचा खड्डा हाकेच्या अंतरावर होता. ते पाणी खडकातल्या भेगांतून गावच्या बोअरपर्यंत कधी पोचेल, याचं गणित तनयने शहरात, बेळ्ळंदूरच्या ऑफिसात बसून संगणकावर मांडलं होतं. निम्म्याहून जास्त भेगा मात्र त्याने अंदाजानेच धरल्या होत्या.

"चाळीस वर्षं तरी काळजी नाही, अक्का," त्या गावातल्या सकवारबाईंच्या ओसरीवर बसून तो म्हणाला.

"सरी, बरं झालं!" सकवारबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नातीच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि दुसरा त्याच्यापुढे केला. "घे अण्णा, आमच्याच बोअरचं आहे."

तनयचा हात नकळत पिशवीतल्या विकतच्या बाटलीकडे गेला.

 

सकवारबाईंनी नातीच्या तोंडचा पेला काढून घेतला.