हीटरची वायर

गेनू संकपाळने चौथ्यांदा किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं आणि पांढरा धूर ओकून गप्प झालं. पौषातल्या सकाळी कोयनेचं पाणी बर्फासारखं होतं. दवाखाना पलीकडच्या काठावर होता आणि लाँचमध्ये कळा सुरू झालेली शैलजा सासूचा हात धरून बसली होती.

“इंजिनात जाणारी हवा तापवणारा हीटरच तापंना,” गेनू पुटपुटला.

“किल्ली फिरवल्यावर टिक् आवाज येतो?” शैलजाने दात आवळून विचारलं. ती आयटीआय झालेली वायरमन होती.

“येतो.”

“मग स्विच चालतोय, करंट वाटेत अडतोय. हीटरच्या वायरचं टोक बघा, दादा.”

इंजिनाबद्दल वीस वर्षं कुणाचं ऐकून न घेतलेल्या गेनूने मुकाट्याने टोक सोडवलं. ते गंजून हिरवं पडलं होतं. त्याने ते खरवडून घट्ट आवळलं. हीटरला ऊब आली, इंजिन धडधडलं.

दुपारी दवाखान्यात शैलजाने कुशीतली लेक दाखवली. “दादा, उपकार झाले तुमचे.”

गेनूचे डोळे भरले. “उलटं बोलताय, ताई. तुमास्नी काय झालं असतं, तर लाँचला पुन्हा हात लावला नसता म्या.”

त्याने वाकून हात जोडले.